‘मी नाही केली’ म्हणणारं मूल खोटं बोलत नसतं

ऐरोलीत राहणाऱ्या एका आईचा प्रश्न, जवळजवळ तिच्याच शब्दांत: “मुलगा साडेचार वर्षांचा आहे. अडीचाव्या वर्षी डायपर सुटला होता, कमोडवर नीट बसायचा. जूनमध्ये ज्युनिअर केजी सुरू झालं आणि दिवाळीनंतर रोज चड्डी खराब व्हायला लागली. दिवसातून दोनदा, कधी तीनदा. वास येतोय, डाग दिसतोय, तरी तोंडावर सांगतो, ‘मी नाही केली.’ परवा माझा हात उठला. तो हे मुद्दाम करतो का?”

असा प्रश्न घेऊन समुपदेशनासाठी येणारे पालक पुष्कळ आहेत, पण लाजेपोटी ते उशिरा येतात. ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव इथे मांडला आहे, कारण यातल्या प्रत्येक टप्प्यावर घरोघरी त्याच त्या चुका होतात.

शिस्तीकडे वळण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या असतात. चड्डीत नेमकं काय असतं? पूर्ण शी कधी होते? आणि शी लागली की मूल कसं उभं राहतं? आई म्हणाली, चड्डीत पातळ, चिकट डाग असतो, पूर्ण शी कधीच नसते. पूर्ण शी चार-पाच दिवसांतून एकदा होते आणि तेव्हा कमोड तुंबतो, बादलीने पाणी ओतावं लागतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आजींनी दिलं. “पडद्यामागे जातो, पायाला पाय घट्ट चिकटवून टाचा उचलतो, तोंड लालबुंद होतं. आम्ही म्हणतो, बघा, कुंथतोय.”

तो कुंथत नव्हता, शी अडवून धरत होता. टाचा उचलणं, पायांची कैची करणं, कुल्ले आवळणं, सोफ्याच्या कोपऱ्यात जाऊन ताठ होणं ही सगळी शी आत ठेवण्याची धडपड असते. बाहेरून ती जोर लावल्यासारखी दिसते आणि त्यामुळे पालकांना वाटतं की मूल प्रयत्न करतंय. इथपर्यंत ऐकल्यावर चित्र बरंचसं स्पष्ट झालं होतं: हे बद्धकोष्ठ होतं. साडेचार वर्षांच्या मुलाने कमोड तुंबेल एवढी शी करणं हीच मोठी खूण आहे.

आत घडतं ते असं. कधीतरी शी कडक होते, बाहेर येताना दुखतं, एखादवेळी चीर पडते. मूल ठरवतं की आता करायचीच नाही. अडवलेल्या शीतलं पाणी मोठं आतडं शोषत राहतं, शी आणखी कडक होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं आणि मग आणखी अडवली जाते. आठवडे-महिने असं चाललं की गुदाशय, म्हणजे आतड्याचा शेवटचा भाग, ताणून सैल होतो, जुन्या चड्डीच्या इलॅस्टिकसारखा. तिथून मेंदूकडे जाणारी ‘शी आली’ ही जाणीव बोथट होते. वरून आलेली पातळ शी त्या कडक गोळ्याच्या कडेने झिरपून चड्डीत उतरते आणि मुलाला ते कळतही नाही. वासही येत नाही, कारण सतत नाकाशी असलेल्या वासाची नाकाला सवय होते. म्हणून ‘मी नाही केली’ हे त्याच्या बाजूने अगदी खरं असतं. वय चार वर्षांच्या पुढे असेल आणि महिन्यातून एकदा का होईना, सलग तीन महिने असं होत असेल, तर त्याकडे आजार म्हणूनच पाहिलं जातं.

हे समजलं की आधीचे उपाय का फसले, तेही कळतं. पातळ डाग बघून घरात जुलाब थांबवायचं औषध दिलं गेलं होतं. त्याने आतला गोळा आणखी घट्ट होतो. दर रविवारी एरंडेल दिलं जायचं आणि एकदा विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावला होता. आजींचं निरीक्षण बरोबर होतं, पोटात मळ साठलाच होता. पण एरंडेलाने मुरडा येतो आणि देठ, साबणाची कांडी, बोट अशा गोष्टींनी त्या जागेची भीती दुप्पट होते. आजींना हे नीट समजावलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “मग आता मी काय करू?” त्यांच्याकडे जेवणाचं आणि बसण्याच्या वेळेचं काम सोपवलं आणि पुढे सगळ्यात काटेकोर त्याच राहिल्या.

पहिलं पाऊल बालरोगतज्ज्ञांचं. समुपदेशनाने गोळा मऊ होत नाही. डॉक्टर पोट तपासतात, बहुतेकदा डाव्या बाजूला खाली गोळा हाताला लागतो. मग दोन टप्प्यांत औषध देतात. आधी साठलेलं बाहेर काढण्यासाठी काही दिवस जास्त मात्रा, नंतर शी रोज मऊ राहावी म्हणून कमी मात्रा. पॉलिइथिलीन ग्लायकॉल किंवा लॅक्टुलोज ही नेहमीची औषधं शीत पाणी धरून ठेवतात. मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे शेजारच्या मुलाची बाटली आणून देऊ नये. साठलेलं निघताना दोन-तीन दिवस चड्डी आधीपेक्षा जास्त खराब होते, हे आधीच माहीत असावं, नाहीतर पालक घाबरून औषध बंद करतात. या घराने जोडून आलेली सुट्टी निवडली, शाळा बुडवावी लागली नाही.

दुसरं पाऊल बसण्याचं, आणि इथे बारकावे महत्त्वाचे. जेवण पोटात गेलं की मोठं आतडं आपोआप हालचाल करतं, म्हणून जेवणानंतर साधारण २० ते ३० मिनिटांनी बसवायचं. सकाळीच व्हायला हवी हा हट्ट सोडावा. या घरात आई महाप्याला कामावर जाणारी, बाबा ७.१० ची लोकल पकडणारे, मुलाची बस सव्वासातची. त्या घाईत “कर ना लवकर” एवढंच त्याच्या वाट्याला येत होतं. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर अशा दोन वेळा ठरवल्या. प्रत्येक वेळी पाच मिनिटं, वाळूचं घड्याळ समोर ठेवून. झाली नाही तरी पाच मिनिटं संपली की उठायचं.

कमोडवर लहान मुलांची रिंग आणि पायाखाली स्टूल हवंच. पाय लोंबकळत असले तर पोटाला जोर मिळत नाही आणि खालचे स्नायू सैल पडत नाहीत. गुडघे कमरेपेक्षा थोडे वर येतील एवढं उंच स्टूल घ्यावं. बसायचा पाट बहुधा कमी पडतो. कोपरं मांडीवर, अंग किंचित पुढे. “जोर लाव” म्हटलं की मुलं श्वास कोंडतात आणि नेमकं खालून आवळतात. त्यापेक्षा हातात साबणाचे फुगे द्यावेत. हळू, लांब फुंकर मारताना पोट कामाला लागतं आणि खालचा भाग सैल होतो. या मुलाला फुग्यांमुळेच पहिल्यांदा न रडता बसता आलं. मोबाइल मात्र नको. त्यात मूल गुंगतं आणि शरीराची सूचना पुन्हा निसटते.

चांदणी चिकटवायची ती बसल्याबद्दल, शी झाल्याबद्दल नाही. बसणं त्याच्या हातात आहे, शी होणं अजून नाही. चड्डी खराब झाली तर एकच वाक्य, रोज त्याच सुरात: “चड्डी ओली झाली, चल बदलूया.” त्याने ती बादलीत टाकावी, आपण धुवावी. “शी, किती घाण”, “बाळ आहेस का”, “पाहुण्यांना सांगू का” ही वाक्यं घरातल्या प्रत्येकाने बंद करायची, आत्या-काकांसकट. मार तर नकोच. घाबरलेलं मूल आणखी आवळून धरतं.

शाळेचा भाग आईला वाटला होता त्यापेक्षा सोपा निघाला. शाळेत भारतीय पद्धतीचा संडास होता, घरी कमोड, आणि त्याला खाली बसताना तोल जाईल याची भीती होती. त्यात गणवेशाच्या हाफपँटला हुक. तो हुक त्याला काढता येत नव्हता आणि मावशींना सांगायची लाज वाटत होती. म्हणजे सकाळी सातपासून दुपारपर्यंत सगळं धरून ठेवणं आलंच. आईने हुक काढून इलॅस्टिक घातलं. वर्गशिक्षिकांशी एकांतात बोलणं झालं. न विचारता उठून जायची मुभा, मधल्या सुट्टीनंतर मावशींनी सहज नेऊन आणणं आणि दप्तरात एक जास्तीची चड्डी व पिशवी, एवढंच मागितलं होतं. शाळेच्या डायरीत येणारा चड्डीबद्दलचा शेरा थांबला.

जेवणाबद्दल थोडंच. या मुलाच्या पोटात चॉकलेट पावडर घातलेलं दूध दिवसाला पाऊण लिटर जात होतं, त्यामुळे भूकच नव्हती. दूध ४०० मिलीच्या आसपास आणलं आणि जेवण आपोआप वाढलं. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, लाल भोपळा, पपई, पेरू, भिजवलेले मनुके, आणि पाण्याची छोटी बाटली सतत नजरेसमोर. पण गोळा साठलेला असताना नुसता कोंडा किंवा इसबगोल देऊन भागत नाही, उलट पोट फुगतं. आधी मऊ करायचं, मग चोथा वाढवायचा.

तिसऱ्या आठवड्यात चड्डी कोरडी राहायला लागली आणि नेमकं तेव्हा औषध बंद झालं. “सवय लागेल म्हणून” असं बाबांनी सांगितलं. पंधरा दिवसांत पडद्यामागे उभं राहणं परत आलं. ही भीती फार घरांत आहे, पण ही औषधं आतड्याला आळशी करत नाहीत. आतड्याला आळशी करते ती ताणून राहिलेली अवस्था. सैल झालेला गुदाशय मूळ आकाराला यायला महिने लागतात. किमान दोन महिने औषध चालतं, आणि सगळा त्रास थांबून निदान एक महिना झाल्यावर डॉक्टर ते हळूहळू कमी करतात. बाबांना फोनच्या कॅलेंडरवर रोज खूण करायला सांगितलं: मऊ, कडक की नाहीच. त्या नोंदींवरून औषधाचा वाद मिटला. रात्री अधूनमधून गादी ओली होणंही कमी झालं, कारण भरलेला गुदाशय मूत्राशयावर दाब देत असतो.

काही खुणा दिसल्या तर समुपदेशकाकडे न येता थेट डॉक्टरांकडे जावं: जन्मानंतर ४८ तासांत पहिली शी झाली नव्हती, पोट फुगून हिरवी उलटी होते, वजन घटतंय, पाय कमजोर वाटतात, चाल बदलली आहे, चीर दिसत नसताना शीत रक्त येतं, किंवा पहिल्या महिन्यापासूनच बद्धकोष्ठ आहे.

मे महिन्यात गावी जाताना हे घर स्टूल, रिंग, औषध आणि फुग्यांची बाटली घेऊन गेलं. प्रवास, लग्न, ताप, परकं संडासघर अशा वेळी त्रास उलटायची शक्यता सर्वात जास्त असते. सलग दोन दिवस शी झाली नाही किंवा टाचा उचलणं दिसलं, तर तिसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांना फोन करून मात्रा विचारायची आणि रात्रीच्या जेवणानंतरचं बसणं त्याच दिवसापासून पुन्हा सुरू करायचं.