लॅपटॉप तुमचा, खातं दुकानदाराचं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

वर्षातून दोनदा नव्या संगणकांच्या तक्रारींचा लोंढा येतो. एकदा कॉलेजचे प्रवेश झाले की, आणि दुसऱ्यांदा दिवाळीचे सेल उरकले की. गावं बदलतात, प्रश्न तेच राहतात, म्हणून यावेळी निवडक प्रश्न एकत्र घेतलेत. उत्तरं वाचताना एवढं ध्यानात ठेवा, की तुमचं मशीन मी पाहिलेलं नाही. पत्रावरून अंदाज बांधता येतो, निदान करता येत नाही.

प्रश्न : ५१२ जीबीची एसएसडी सांगून लॅपटॉप विकला. आत ४७६ जीबीच दिसतंय. दुकानदारानं गंडवलं का? (तासगाव)

नाही. एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी आतली डिस्क, कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. आकडे दोन, जागा तीच.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेल्या लॅपटॉपच्या खोक्याची चिकटपट्टी दोनदा लावल्यासारखी दिसत होती. मशीन चालतंय छान, पण कुणीतरी वापरून परत केलेला माल तर नसेल ना? (मिरज)

चिकटपट्टीवरून काहीच ठरत नाही. कुरिअरच्या गोदामातही खोकी फाटतात आणि पुन्हा चिकटवली जातात. आधी सिरियल नंबर जुळवा. खोक्यावरचा, लॅपटॉपच्या पोटावरचा, बिलावरचा आणि बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) दिसणारा, चारही एकच हवेत. मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर घेऊन एसएसडी एकूण किती तास चालली ते बघा. कारखान्यातल्या चाचणीचे थोडे तास असतातच, पण दोन दिवसांच्या मशीनवर चारशे तास दिसले तर ते तुमच्या आधी कुणाच्या तरी टेबलावर होतं. विंडोजमधून बॅटरी रिपोर्टही निघतो. त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्ज क्षमता यांत मोठी तफावत असेल, तर शंका घ्यायला जागा आहे.

शंका पक्की झाली तर फॉरमॅट मारू नका, पुरावा जाईल. स्क्रीनचे फोटो काढा आणि त्याच दिवशी लेखी तक्रार करा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची असते. पुढच्या वेळी ओपन बॉक्स डिलिव्हरी, म्हणजे दारातच खोकं उघडून दाखवण्याची सोय, मिळत असेल तर तीच घ्या, आणि माल बघितल्याशिवाय ओटीपी सांगू नका. डिलिव्हरीचा पोरगा घाईत असतो, “काका, तेवढा ओटीपी सांगा” म्हणून दारात उभा राहतो. त्याला पाच मिनिटं थांबवताना लाजायचं कारण नाही.

प्रश्न : नवीन लॅपटॉप पहिल्यांदा आठ तास चार्ज करावा लागतो, आणि नंतर कायम चार्जिंगला ठेवला तर बॅटरी फुगते, असं भाऊजी म्हणतात. (कडेगाव)

आठ तासांचा नियम जुन्या प्रकारच्या बॅटऱ्यांचा, आताच्या लिथियमला तो लागू नाही. कायम चार्जिंगला लावून काम करत असाल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असते, ती चालू करा. फुगलेली दिसलीच तर मात्र वापर लगेच थांबवून सर्व्हिस सेंटरला दाखवा. घरी दाबून बसवायची नाही.

प्रश्न : लॅपटॉप चार्जिंगला लावला की पत्र्यावर हात टेकताच झिणझिण्या येतात. दुकानदार म्हणतो, मेटल बॉडीला असं होतंच. (विटा)

अर्धं खरं सांगितलंय. अ‍ॅडॉप्टरमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात, त्यांच्यातून किंचित करंट गळतो. ज्या अ‍ॅडॉप्टरला तिसरी पिन असते, त्यात तो तिच्यावाटे जमिनीत जातो. आपल्याकडं सॉकेटला तीन भोकं असतात, पण मागं अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. नाहीतर कुणीतरी टू-पिनचं कन्व्हर्टर घुसवलेलं असतं. मग तो करंट पत्र्यावर येतो आणि तिथून तुमच्या हातात.

चार्जर काढल्यावर झिणझिण्या थांबतात का बघा. थांबत असतील तर वायरमनला बोलावून अर्थिंग मीटरनं तपासून घ्या. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे अर्थिंग आहे, असं तो म्हणाला तर दुसरा वायरमन बोलवा. अर्थिंग चांगलं असूनही त्रास होत असेल, जोराचा झटका बसत असेल किंवा अ‍ॅडॉप्टरला जळका वास येत असेल, तर लॅपटॉप बंद ठेवा आणि अ‍ॅडॉप्टरसह सर्व्हिस सेंटरला न्या. तात्पुरता म्हणून रस्त्यावरचा स्वस्त अ‍ॅडॉप्टर घ्यायचा नाही.

प्रश्न : मुलीच्या इंजिनीअरिंगसाठी मोठ्या शोरूममधून लॅपटॉप घेतला. तिथल्या मुलानंच सगळं सुरू करून दिलं. काही महिन्यांनी मदरबोर्ड (मुख्य सर्किट बोर्ड) गेला, कंपनीनं वॉरंटीत बदलून दिला. आता निळी स्क्रीन येते आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागते. शोरूमचा तो मुलगा नोकरी सोडून गेलाय. प्रोजेक्टचं सगळं काम आत आहे. पुण्यात कुणीतरी अनलॉक करून देतं म्हणे. (पलूस)

हे पत्र सविस्तर घेतो, कारण असाच घोटाळा घेऊन माणसं सतत येतात आणि बहुतेकजण उशिरा येतात.

काय झालं ते आधी समजून घ्या. विंडोज ११ चा नवा लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्यानं सुरू केला, की बहुतेक मशीनवर आतल्या डिस्कला आपोआप कुलूप लागतं. बिटलॉकर म्हणतात ते हेच. होम आवृत्तीत त्याचं नाव डिव्हाइस एन्क्रिप्शन. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून त्याच्या अटी आणखी सैल झाल्या, त्यामुळं पूर्वी ज्या मशीनवर ते लागलं नसतं तिथंही आता लागतं. मुळात सोय चांगली आहे. लॅपटॉप एसटीत राहिला तरी आतलं कुणी वाचू शकत नाही. रोजच्या वापरात हे कुलूप दिसत नाही, कारण मदरबोर्डवरची टीपीएम चिप ते गुपचूप उघडत असते. बोर्ड बदलला की जुनी चिप गेली. कधीकधी बायोस अपडेट झालं तरी मशीनला संशय येतो. मग ते ४८ आकडे मागतं.

हे आकडे, म्हणजेच रिकव्हरी की, ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं मशीन सुरू झालं, त्या खात्यात जमा असतात. आणि खरी गोम इथं आहे. दुकानात गर्दी असते, गिऱ्हाइकाला पासवर्ड आठवत नाही, वायफाय रखडत असतं. मग काउंटरवरचा पोरगा आपलंच किंवा दुकानाचं एखादं खातं टाकून मशीन चालू करून देतो. एकाच खात्यावर कितीतरी गिऱ्हाइकांची मशीनं. घराचं कुलूप लावून किल्ली दुकानदाराच्या गल्ल्यात ठेवल्यासारखं आहे हे, फक्त किल्ली तिथं आहे हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नसतं.

आता तुमच्याबद्दल. त्या शोरूमच्या मॅनेजरला बिल घेऊन भेटा. मुलगा गेला तरी ज्या ई-मेलनं तो खाती उघडायचा तो ई-मेल दुकानाचा असू शकतो. निळ्या स्क्रीनवर की आयडी म्हणून आकडे-अक्षरं दिसतात, त्यांचा फोटो न्या. खात्यात अनेक मशीनच्या की असतील, तर त्या आयडीवरून तुमची ओळखता येईल. मुलीची स्वतःची सगळी मायक्रोसॉफ्ट खातीही तपासा, कॉलेजनं दिलेला ई-मेलसुद्धा. नंतर कधी यातल्या एखाद्या खात्यानं मुलीनं साइन-इन केलं असेल तर की तिथं सापडू शकते. तोवर फॉरमॅट करू नका, आणि “रीसेट करून बघतो” म्हणणाऱ्याच्या हातात मशीन देऊ नका.

पुण्याच्या माणसाबद्दल स्पष्टच लिहितो. की नसताना बिटलॉकर उघडून देण्याची हमी देणारा पैसे उकळतोय. हरवलेली की मायक्रोसॉफ्टलाही पुन्हा तयार करून देता येत नाही, ती कंपनी स्वतःच तसं सांगते. की मिळाली नाही तर मशीन वाचेल, आतलं काम जाईल. वाईट वाटतं, पण खोटी आशा लावून तुमचे पैसे घालवणं त्याहून वाईट.

ज्यांच्यावर ही वेळ अजून आलेली नाही, त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवून आजच बघावं. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स उघडा. तिथं कुणाचा ई-मेल दिसतो? अनोळखी असेल तर आधी फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग चार्जर लावून प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमधलं डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा आणि ते पूर्ण उतरेपर्यंत थांबा, वेळ लागतो. नंतर स्वतःच्या खात्यानं साइन-इन करून पुन्हा चालू करा. नवी की आता तुमच्या खात्यात जाईल, ती तिथं दिसते याची खात्री करा आणि वहीत लिहून ठेवा. हात थरथरत असेल तर जाणकाराला शेजारी बसवून करा, पण खातं आणि पासवर्ड तुमचाच, टाईपही तुम्हीच करायचा.

आणखी एक कात्री याच जागी आहे. लॅपटॉपसोबत येणारं मायक्रोसॉफ्ट ऑफिसही (वर्ड, एक्सेलचा संच) पहिल्यांदा ज्या खात्यावर सुरू होतं, त्यालाच चिकटतं. दुकानाच्या खात्यावर सुरू झालं की तुम्ही पैसे भरलेलं ऑफिस दुकानाचं. वर हाच पोरगा “लाइफटाइम ऑफिस” पाचशे रुपयांत टाकून देतो म्हणतो. ते बहुधा चोरीचं असतं आणि टाकताना अँटीव्हायरस बंद करायला लावतं. कशासाठी बंद करायला लावतं, याचा विचार गिऱ्हाइकानं करावा.

प्रश्न : जोडून घेतलेला नवा डेस्कटॉप. पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन काळी. (कुपवाड)

मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावली असेल, ती ग्राफिक्स कार्डला लावा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतो, त्यांत आतलं ग्राफिक्स नसतं, त्यामुळं मदरबोर्डच्या पोर्टवर चित्र येणारच नाही. तरीही काळीच राहिली तर ज्यानं जोडून दिला त्याच्याकडं न्या. रॅम उपसून बसवण्याचे व्हिडिओ बघून सुरुवात करू नका.

प्रश्न : ऑनलाइन घेतलेल्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर चौथ्या दिवशी उभ्या रेषा आल्या. परीक्षा होती म्हणून थांबलो. आता साइट म्हणते, बदलून देण्याची मुदत संपली, कोल्हापूरच्या सर्व्हिस सेंटरला जा. (जत)

चौथ्या दिवशी एक फोटो आणि एक तक्रार, याला परीक्षेतली दहा मिनिटं लागली असती. बदली मिळण्याचे दिवस मोजके असतात आणि ते कुणासाठी थांबत नाहीत.

तरी सगळं संपलेलं नाही. साइटची मुदत हा त्यांच्या विक्रीचा नियम आहे. सदोष माल मिळाल्याबद्दल दाद मागण्याचा तुमचा हक्क तेवढ्यानं बुडत नाही. सर्व्हिस सेंटरला न्या आणि जॉबशीटवर (दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर) दोष कधी सुरू झाला ती तारीख लिहूनच घ्या. चौथ्या दिवशीचा एखादा फोटो, मित्राला पाठवलेला मेसेज असेल तर जपा. स्क्रीन दाबामुळं फुटली असा शेरा त्यांनी मारला आणि तुम्हाला तो पटत नसेल, तर सही करताना तिथंच तसं लिहा.

वॉरंटीत दुरुस्ती झाली तर प्रश्न मिटला. टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. त्यापुढचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक जिथं राहतो तिथं तक्रार करता येते, म्हणजे विक्रेता बंगळूरचा असला तरी तुमची तक्रार सांगलीत चालते. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. मात्र अर्ज देण्याआधी कागद एकदा वकिलाला किंवा ग्राहक संघटनेच्या कार्यकर्त्याला दाखवा. विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही पक्षकार करायचं का, हे तुमचं बिल बघूनच ठरेल.

प्रश्न : मागच्या आठवड्यात लॅपटॉप घेतला, पण कंपनीच्या साइटवर वॉरंटी तीन महिन्यांपूर्वीच सुरू झालेली दिसते. (शिराळा)

बहुधा कारखान्यातून माल निघाल्याची तारीख धरलेली असते. बिल अपलोड करून खरेदीची तारीख दुरुस्त करून घ्या, आणि ते आत्ताच. पक्कं बिल नसेल तर दुकानात जाऊन मागा. जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर घेतलं असेल, तर वॉरंटीच्या वेळी दुकानदार तुम्हाला ओळखेल का, याचा विचार करा.

प्रश्न : आठ जीबी रॅमचा नवा लॅपटॉप अडखळतो. कोपऱ्यावरचा दुकानदार आणखी आठ जीबी टाकून देतो म्हणतो. वॉरंटी जाईल का? (आटपाडी)

आधी मॉडेलच्या माहितीपत्रकात मोकळा स्लॉट आहे का बघा. बऱ्याच पातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डवरच चिकटवलेली असते, तिथं कुणीच काही टाकू शकत नाही. स्लॉट असेल तर मागचं झाकण उघडल्यानं वॉरंटीवर परिणाम होतो का, हे कंपनीला ई-मेलनं विचारा. उत्तर येईपर्यंत स्टार्टअपमधली न लागणारी सॉफ्टवेअर बंद करा, आणि सोबत चिकटवून दिलेला मोफत मुदतीचा अँटीव्हायरस काढून बघा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर मग आपोआप सुरू होतो. बऱ्याचदा तेवढ्यानंच मशीन मोकळं होतं आणि रॅमचे पैसे वाचतात.