वर्दी अंगावर चढली कशी?

कोथरूडच्या एका वाचकांचा मुलगा खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाला आहे. त्याला मिळालेल्या कपड्यांची भलीमोठी यादी घरातल्या आजींना मराठीत समजावून सांगताना त्यांची अडचण झाली. म्हणून त्यांनी विचारले आहे, की लष्करी कपड्यांना ‘गणवेश’ म्हणावे की ‘वर्दी’, समारंभाच्या पोशाखासाठी वेगळा मराठी शब्द आहे का, आणि सैन्याचे पोशाख बदलत चालले आहेत तसे त्यांचे शब्दही बदलावेत का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. सर्वांनी सारखा घालायचा, नियमाने ठरवून दिलेला पोशाख तो गणवेश. मग तो शाळेचा असो, परिचारिकेचा असो वा सैनिकाचा. काही जण ‘गणवेष’ लिहितात. संस्कृतात वेश आणि वेष ही दोन्ही रूपे असल्यामुळे त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. वर्दी हा मात्र मराठीत कपड्यांचा शब्द नाही. गेली काही वर्षे ‘वर्दीतला माणूस’, ‘वर्दीचा मान’, ‘खाकी वर्दीतील माणुसकी’ असे मथळे सतत वाचावे लागतात. १५ जानेवारी २०२५ रोजी सेनादिनाचे संचलन पहिल्यांदाच पुण्यात, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या केंद्रात झाले, तेव्हाही एका मराठी वाहिनीच्या निवेदनात प्रत्येक तुकडीच्या कपड्यांना वर्दीच म्हटले जात होते. हिंदीत वर्दी म्हणजे गणवेश, हे खरे आहे. हिंदी वाक्ये घाईने उतरवून घेताना तो अर्थ आपल्याकडे आला. पण हा शब्द आपल्याकडे आधीपासून होता, त्याला स्वतःचा अर्थ होता, आणि तो अर्थ आजही पुण्याच्या रस्त्यावर रोज वापरला जातो, याचे भान ठेवायला कोणाला सवड झाली नाही, याचा मला मनापासून राग येतो.

पुण्यात कुठे आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत हमखास असे वाक्य असते: ‘वर्दी मिळताच अग्निशमन दलाचे बंब घटनास्थळी पोहोचले; मात्र तोपर्यंत दुकान जळून खाक झाले होते.’ येथे वर्दी म्हणजे खबर, अधिकृतपणे दिलेली सूचना. अपघातातला जखमी माणूस रुग्णालयात आला की तेथून पोलिसांना जाते तीही वर्दीच. आता सकाळी पावणेसातला कोणत्याही पेठेतल्या गल्लीत उभे राहून पाहा. रिक्षा रिकामी दिसते म्हणून आपण हात करतो आणि चालक मान हलवून सांगतो, ‘नाही जमणार ताई, शाळेची वर्दी आहे.’ पुढच्या वळणावर तीन दप्तरे आणि तीन पाण्याच्या बाटल्या घेऊन मुले त्याची वाट पाहत उभी असतात. या वर्दीचा अर्थ आधी सांगून ठेवलेले, बांधलेले काम. म्हणजे मराठीत वर्दीला दोन अर्थ आहेत: वरच्याला कळवलेली बातमी आणि आधी मिळालेला हुकूम. हे दोन्ही अर्थ लक्षात ठेवावेत, कारण पुढचा सगळा उलगडा त्यांवरच उभा आहे.

त्याआधी वरच्या बातमीतला ‘खाक’ शब्द पाहू. फारसीत खाक म्हणजे धूळ, माती. मराठीत आपण तो राखेसाठी वापरतो. १८४६ साली पेशावरला उभ्या राहिलेल्या ‘गाइड्स’ या दलासाठी हॅरी लम्सडेन याने लाल डगल्याऐवजी धुळीच्या रंगाचे कपडे निवडले आणि त्या रंगाला तेथल्या बोलीतले ‘खाकी’ हे नाव मिळाले. १८५७च्या लढायांत अनेक गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे उन्हाळी कपडे चहात आणि मातीत बुचकळून मळखाऊ केले, आणि १९०२ साली खुद्द इंग्लंडमधल्या सैन्याचा नित्याचा पोशाखही खाकी झाला. म्हणजे ‘खाकी वर्दी’ या जोडीतले दोन्ही शब्द आगीच्या त्या एका वाक्यात आहेत आणि दोहोंपैकी एकाचाही तेथे कपड्यांशी संबंध नाही. हे प्रथम ध्यानात आले त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो अजून ओसरलेला नाही.

आता व्युत्पत्ती. १८८४च्या आपल्या कोशात प्लॅट्स यांनी हिंदुस्तानी ‘वर्दी’चा संबंध संस्कृत ‘विरुद’ या शब्दाशी जोडला आहे. विरुद म्हणजे घोषणा, स्तुती. त्याचेच मराठी रूप बिरुद, आणि ब्रीदही. मानाचे चिन्ह ते बिरुद, म्हणून पदाचे चिन्ह ती वर्दी, अशी ही साखळी दिसायला मोहक आहे आणि आजही काही अभ्यासक ती ठामपणे सांगतात. मला ती मुळीच मान्य नाही. संस्कृतातून प्राकृताच्या वाटेने हिंदीत आलेल्या शब्दांत आरंभीच्या ‘व’चा ‘ब’ होतो: वार्ताचे बात, विवाहाचे ब्याह, वर्षाचे बरस. विरुदातून हिंदीत कपड्यांचा शब्द निघाला असता, तर त्याच्या आरंभी ‘ब’ असायला हवा होता. हिंदीतल्या रूढ शब्दाच्या आरंभी ‘व’ जसाच्या तसा दिसला, की तो बाहेरून आलेला असावा अशी शंका घ्यावी, हा साधा नियम आहे आणि कोश कितीही मोठा असला तरी त्यातून सूट मिळत नाही.

हॉब्सन-जॉब्सन या १८८६च्या कोशात ‘वर्दी-मेजर’ या हुद्द्याची नोंद आहे. तेथे प्लॅट्स यांची व्युत्पत्ती शंकास्पद ठरवून अरबी ‘विर्द’ शब्द पुढे केला आहे. विर्द म्हणजे पाखरांचा थवा आणि त्यावरून स्वारांची तुकडी. हाही तर्क मला दूरचा वाटतो. मात्र १९०३ साली विल्यम क्रुक यांनी त्या कोशाची वाढीव आवृत्ती काढली, तेव्हा त्यांनी या नोंदीला कंसात एक लहानशी पुस्ती जोडली: लष्करातले अनेक हुद्दे दक्षिणेकडून आले असल्यामुळे काही जण या शब्दाचा संबंध कानडी ‘वरदि’शी लावतात, आणि त्याचा अर्थ बातमी, हुकूम. क्रुक यांनी ही पुस्ती एका वाक्यात संपवली. माझ्या मते सगळे उत्तर तिच्यातच आहे. कानडी वृत्तपत्रे आजही अहवालाला ‘वरदि’ आणि बातमीदाराला ‘वरदिगार’ म्हणतात. आणि बातमी व हुकूम हे दोन्ही अर्थ पुण्यात कसे जिवंत आहेत ते आपण आत्ताच पाहिले: पहिला अग्निशमन दलाकडे, दुसरा रिक्षावाल्याकडे. कृष्णेच्या दोन्ही तीरांवर एका शब्दाचा अर्थ ‘कळवणे’ असा असेल आणि फक्त नर्मदेच्या उत्तरेला तो ‘कपडे’ असा होत असेल, तर मूळ अर्थ दक्षिणेत शोधावा की उत्तरेत?

वर्दी-मेजर करत काय होता, हेही पाहिले पाहिजे. शिलेदारी पद्धतीच्या घोडदळात तो देशी ॲडज्युटंट असे. ॲडज्युटंटचे काम म्हणजे वरचे हुकूम स्वारांपर्यंत पोहोचवणे, हजेरी आणि खबर वर कळवणे. वर्दी म्हणजे कपडे असते, तर वर्दी-मेजर हा शिंप्यांवरचा अधिकारी ठरला असता. तो तसा नव्हता, आणि माझ्या दृष्टीने हा पुरावा निर्णायक आहे. शिवाय या घोडदळाचे शब्द पाहा: शिलेदार, बारगीर. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर; मूळ फारसी असले तरी हे शब्द मराठ्यांच्या फौजेतच मुरलेले आहेत. १८१७च्या पुणे तहान्वये पेशव्यांच्या खर्चाने जे घोडदळ उभे राहिले आणि पुढे ‘पूना हॉर्स’ म्हणून ख्यातीस चढले, ते याच जातीचे. शिलेदार आणि बारगीर हे शब्द ज्या स्वारांच्या तोंडी उत्तरेपर्यंत गेले, त्यांच्याच तोंडी वर्दीही गेली, असे माझे मत आहे. वर्दीवर हजर राहायचे म्हणजे ठरलेल्या कपड्यांत हजर राहायचे. हळूहळू हजेरीचे नाव कपड्यांना चिकटले. असे इतरत्रही घडले आहे. इंग्रजीत नोकरांच्या ठरावीक पोशाखाला ‘लिव्हरी’ म्हणतात. तो मूळ फ्रेंच शब्द, आणि त्याचा अर्थ ‘सुपूर्द केलेले’. धन्याने दिलेली वस्तू, म्हणून ते कपडे. कपड्याला त्याच्या कापडावरून नव्हे तर कामाच्या व्यवहारावरून नाव पडणे, यात अशक्य काहीच नाही.

काही दिवसांपूर्वी एका व्याख्यानात असे ठासून सांगण्यात आले, की वर्दी हा इंग्रजी ‘ऑर्डर’चा अपभ्रंश आहे. व्याख्याते नामवंत असल्यामुळे श्रोत्यांनी ते टिपून घेतले. परंतु ‘ऑर्डर्ली’ने आपल्याला अर्दली दिला, आणि त्याच्या आरंभी ‘व’ कोठेही आला नाही. दुसरे म्हणजे हा शब्द स्वतःच्याच भाषेतला असता, तर इंग्रज कोशकारांनी त्याचे मूळ अस्पष्ट आहे असे लिहून ठेवले नसते. अरबी ‘वर्द’ म्हणजे गुलाब, म्हणून वर्दी म्हणजे गुलाबी पोशाख, असेही एकांनी मला कळवले आहे. गुलाबी कपड्यांची फौज दाखवल्याशिवाय त्याचा विचार करता येणार नाही.

आता पोशाख बदलतात तेव्हा शब्द बदलावेत का, या प्रश्नाकडे येते. सैनिक लाल डगला घालून लढत असे तेव्हा लढाईचे कपडे आणि समारंभाचे कपडे यांत फारसे अंतर नव्हते. खाकी रणांगणावर आली तेव्हा भडक रंग समारंभापुरते उरले आणि दोन पोशाखांतली दरी रुंदावली. पुढे खाकीही इस्त्री होऊन समारंभाच्या रांगेत जाऊन बसली. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या जंगलांसाठी आलेल्या हिरव्याचेही तेच झाले. आज जवान त्या हिरव्या कपड्यांना सरळ ‘ओजी’ म्हणतात, म्हणजे ‘ऑलिव्ह ग्रीन’. म्हणजे काल चिखलात घालायचा कपडा उद्या मानाचा होतो, आणि चिखलासाठी नवा कपडा येतो. १५ जानेवारी २०२२ रोजी दाखवण्यात आलेला, संगणकी ठिपक्यांच्या नक्षीचा नवा लढाऊ पोशाख हा या मालिकेतला सध्याचा शेवटचा. चिन्हेही बदलली. २६ जानेवारी १९५० पासून खांद्यावरच्या राजमुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये नौदलाच्या ॲडमिरलांच्या खांद्यावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला.

या सगळ्यांत शब्दाच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो १ ऑगस्ट २०२३चा बदल. तेव्हापासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सर्व अधिकाऱ्यांची टोपी, खांद्यावरची पदचिन्हे, कॉलरवरच्या पट्ट्या, पट्टा आणि बूट सारखे झाले. रेजिमेंटची ओळख सांगणारी खांद्यावरची डोरी गेली. त्या सुमारास खडकी बाजारात एका लष्करी शिंप्याच्या दुकानात मी एक सदरा उसवताना पाहिला. शिंप्याने डोरी काढून तिची गुंडाळी केली, ती कागदात बांधली आणि सदऱ्यासोबतच ठेवली. डोरी आता चालणार नव्हती, पण ती परत द्यायची हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. कर्नलपर्यंत अधिकाऱ्याचा ‘गण’ म्हणजे त्याची रेजिमेंट असते, आणि त्यापुढे त्याचा ‘गण’ म्हणजे सगळे सैन्य. गणवेश हा शब्द या दोन्ही अवस्थांना पुरतो. तो बदलण्याचे काही कारण मला दिसत नाही.

तेव्हा आजींना असे सांगावे: नातवाला गणवेश मिळाले आहेत. त्यांतला कवायतीला घालतात तो संचलनाचा पोशाख, आणि रात्रीच्या औपचारिक भोजनाला घालतात तो मेसचा पोशाख. पुढे अधिकारी झाल्यावर त्या मेसच्या पोशाखावर कमरेला रुंद पट्टा येईल, तो कमरबंद. इंग्रजांनी त्याचे नावही आपल्याकडूनच उचलले. टोपीवरच्या पिसांच्या झुपक्याला ‘हॅकल’ म्हणण्याची गरज नाही, तो तुराच. आणि नातू पहिल्या सुट्टीला घरी येण्यास निघाला, की त्याने आधी फोन करून कळवावे, ती वर्दी.