चार रात्री, दहा माणसं, एक न्हाणीघर

प्रिय,

तुझं पत्र आणि सोबतचं सुटीचं वेळापत्रक, दोन्ही वाचलं. चार रात्री, दहा माणसं, दोन खोल्या, एक न्हाणीघर. आई-बाबा, आजी, दादा-वहिनी, त्यांची दोन मुलं, तुझे दोघं जिवलग मित्र आणि तू. सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत तासागणिक काहीतरी आखलेलं आहे: फिरणं, पत्ते, सिनेमा, फोटो. आंघोळी कधी, कोण कुठे निजणार, उरलेलं अन्न कशात काढणार, यावर मात्र एक ओळ नाही. हे वेळापत्रक उलटं करायला हवं. घरात माणसं जमली की कुरबुरी सुरू होतात त्या बहुतेक वेळा झोप, भूक आणि न्हाणीघर यांवरून. या तिन्हींचा हिशेब मिनिटांत आणि लिटरमध्ये करून ठेव आणि दिवस मोकळे सोड. दिवसाला एकच गोष्ट ठरव. तिलाही सगळ्यांनी आलंच पाहिजे असं म्हणू नकोस.

न्हाणीघरापासून सुरुवात करू. तुझा गीझर १५ लिटरचा आणि २ किलोवॉटचा. नळाचं पाणी २० अंश सेल्सिअस असेल तर ते ६० अंशांवर जायला वीसएक मिनिटं लागतात. त्यात तितकंच गार मिसळलं की अंगावर घेण्याजोगं, ४० अंशांचं, साधारण ३० लिटर पाणी होतं. बादलीने घेतलं तर दोघांचं भागतं. शॉवर मिनिटाला ८ ते १० लिटर घेतो, म्हणजे तेच पाणी तीन-साडेतीन मिनिटांत संपतं आणि चौथ्या मिनिटाला आतून ओरड ऐकू येते. दहाही जण सकाळीच रांगेत उभे राहिले तर किमान दोन तास गेले. म्हणून आंघोळींची विभागणी कर. मुलं आणि मित्र रात्री, बाकीचे सकाळी, आणि सकाळचा पहिला नंबर आजीचा. दाढी आणि वेणीफणी न्हाणीघराबाहेर काढ. खोलीत एक आरसा टांगला की प्रत्येकामागे पाच मिनिटं वाचतात. एका दांडीवर दहा ओले टॉवेल वाळत नाहीत, दुसऱ्याच दिवशी कुबट वास मारू लागतात. गॅलरीत एक जादा दोरी बांध.

आता झोप. नव्या जागी पहिल्या रात्री झोप सावध लागते. ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की अशा रात्री गाढ झोपेतही मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा जास्त जागा राहतो आणि बारीकशा आवाजालाही प्रतिसाद देतो. त्यामुळे पहिल्या सकाळी काहीही ठेवू नकोस. तू आखलेलं सहाचं फिरणं तिसऱ्या दिवसावर ढकल, तोवर अर्धे लोक आपणहून उठून तयार असतील.

गादी आजीला जमिनीवर घालू नकोस, तिने कितीही ‘मला चालतं’ म्हटलं तरी. खाटेची उंची तिच्या गुडघ्याइतकी असावी, म्हणजे पाय टेकवून उठता येतं. तिच्या खाटेपासून न्हाणीघरापर्यंतची वाट रात्री स्वतः अंधारात चालून बघ: कोपरा दुमडलेली सतरंजी, आडवी गेलेली वायर, कोणाची तरी बॅग. ते सगळं हलव आणि वाटेवर एक मंद दिवा रात्रभर चालू ठेव. मुलांसकट दादा-वहिनी आतल्या खोलीत, कारण धाकटं पहाटे उठणार आणि त्याच्या मागे एक दार बंद करता आलं पाहिजे. आजीची खाटही त्याच खोलीत नको, पहाटेच्या रडण्याने तीही उठेल. घोरणाऱ्यांना एकत्र निजव, त्यांची आपसात तक्रार नसते. बाहेरच्या खोलीत झोपणारे सर्वांत अडकलेले: शेवटचा गप्पिष्ट उठेपर्यंत त्यांना पाठ टेकता येत नाही आणि सकाळचा पहिला माणूस त्यांच्या उशाशी दिवा लावतो. त्यासाठी साडेअकराला त्या खोलीतली बैठक मोडायची, हे पहिल्याच रात्री सांगून टाक.

स्वयंपाकघरात दोन गोष्टी बिघडतात: अन्न आणि माणूस. अन्नाचं सोपं आहे. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे राहिलं की जंतू भराभर वाढतात. त्यामुळे ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि खोलीचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. गप्पा रंगल्या की हे हमखास विसरलं जातं, म्हणून जेवायला बसताना फोनवर गजर लाव. उरलेलं भलं मोठं पातेलं तसंच फ्रिजमध्ये सरकवलं तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. उथळ डब्यांत, पाचेक सेंटिमीटरच्या थरात काढ. भाताची जास्त काळजी घे, कारण बाहेर राहिलेल्या भातात एक जंतू जे विष तयार करतो ते पुन्हा गरम करूनही जात नाही. बाकीचं अन्न परत गरम करताना मधोमध वाफ आली पाहिजे, ७४ अंशांपर्यंत. आणि तीन-चार दिवसांच्या पुढे काहीही ओढायचं नाही. फ्रिज ठासून भरू नकोस, आतली हवा फिरली नाही तर तो नावापुरताच गार राहतो. पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्या बर्फ घातलेल्या टबात बाहेर ठेव, म्हणजे फ्रिजचं दार दर पाच मिनिटांनी उघडणारही नाही.

माणसाचं अवघड आहे. दहा जणांच्या घरात एक बाई, आणि ती बहुधा तुझी आई असेल, चार दिवस ओट्यापाशी उभी राहते. बाकीचे अधूनमधून येऊन विचारतात, ‘काही मदत करू का?’ या प्रश्नाने तिचं काम वाढतं. काय करायचं, कशात, किती, हे तिलाच ठरवून सांगावं लागतं, आणि सांगण्यापेक्षा करून टाकणं तिला सोपं वाटतं. म्हणून काम तुकड्यांनी वाटू नकोस, अख्खं दे. ‘दुसऱ्या रात्रीचं जेवण दादाकडे’ म्हणजे काय करायचं हे तोच ठरवणार, सामान तोच आणणार, शेवटचं भांडं पुसून ओटा धुणार तोही तोच. चार दिवसांत नाश्ते सोडून साताठ जेवणं होतील. प्रत्येकाला त्याचं जेवण निघायच्या आठवडाभर आधी नेमून दे. आईकडे एकच येऊ दे, तिला आवडेल ते. आणि ज्याच्याकडे जेवण आहे त्याच्या पातेल्यात दुसऱ्याने डोकवायचं नाही. मीठ कमी पडलं तर पानात घेता येतं. हा नियम आईला सर्वांत जड जाणार आहे, तेव्हा तिला बाहेर फिरायला नेण्याची वेळ नेमकी तीच ठेव. खरकट्यासाठी मोठा टब आणि कचऱ्यासाठी दोन जादा पिशव्या आधीच काढून ठेव. रात्री सिंक रिकामं असेल तर सकाळ निम्मी जिंकली.

पैशांचं थोडक्यात. सामाईक खर्च कोणता आणि कोणाचा, हे यायच्या आधीच फोनवर बोलून घे. मुलांचा वाटा अर्धा धर, आजीचा धरू नकोस. जो खर्च करेल त्याने त्याच दिवशी एका वहीत लिहावं. शेवटच्या संध्याकाळी हिशेब मिटवायचा, ‘राहू दे, नंतर बघू’ नको. नंतर कोणी बघत नाही, फक्त लक्षात ठेवतं.

आता तुझ्या पत्रातला खरा प्रश्न: मित्रांना घरच्यांसोबत बोलावलं हे चुकलं का? नाही. फक्त गणित ध्यानात घे. चार माणसांत सहा जोड्या होतात, दहांत पंचेचाळीस. त्या सगळ्याच जुळतील अशी अपेक्षा ठेवलीस तर दिवसभर तू पंच होऊन फिरशील. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गप्पांच्या गटांची मोजदाद केली तेव्हा दिसलं की एका संभाषणात साधारण चार माणसं टिकतात, पाचवं आलं की गट फुटतो. सगळ्यांना एका गोलात बसवण्याचा अट्टहास सोड. बाजारात जाणारे तिघं, भाजी निवडणारे दोघं, गच्चीवर चौघं, असं घर आपोआप विभागू दे. मित्राची बाबांशी ओळख करून देताना नुसतं नाव सांगू नकोस, दोघांना धरायला एक धागा दे: ‘याच्याकडेही जुना रेडिओ आहे, दुरुस्त होत नाहीये.’ मग तू तिथून उठून जा.

लग्न, पगार, वजन, परीक्षा. हे चार विषय निघणारच. आईला आधीच फोन करून सांग की मित्रांना यातलं काही विचारू नकोस. तुझ्यावर विषय आला तर वाक्य तयार ठेव: ‘यावर आपण दोघं सावकाश बोलू. आत्ता भांडी पुसायला कोण येतंय?’ चिडून उत्तर दिलंस तर पुढचा तास त्यातच जाईल.

लहान मुलांचं आणि औषधांचं विसरू नकोस. आजीची आणि पाहुण्यांची औषधं पर्समध्ये, उशीखाली, टेबलावर असतात, म्हणजे दीड वर्षाच्या मुलाच्या हाताशी. सगळ्या बॅगा कपाटावर. खेळण्यांतल्या आणि रिमोटमधल्या चपट्या गोल बटण-सेलांची झाकणं स्क्रूने घट्ट आहेत का ते बघ. असा सेल घशात अडकला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी ओकारी काढायला न लावता थेट रुग्णालय गाठायचं. आणि कोणाला उलट्या-जुलाब झाले असतील तर ते थांबल्यावर ४८ तास त्याने स्वयंपाकाला हात लावू नये. अशा वेळी सॅनिटायझरच्या भरवशावर राहू नकोस, साबणाने वीस सेकंद हात धुणंच खरं.

आजोबा गेल्यानंतरची ही पहिली सुटी, हे तू पत्राच्या शेवटी, कडेला लिहिलं आहेस. सगळे त्यांचं नाव टाळतील, आजीला त्रास नको म्हणून, आणि आजी टाळेल इतरांना त्रास नको म्हणून. पहिल्याच जेवणाला तू नाव काढ, सहज: ‘आजोबा असते तर या खुर्चीवरून भांडण झालं असतं.’ डोळे ओले झाले तर होऊ देत, पुढचे तीन दिवस सोपे जातील.

आणि आजीशी बोलण्याची नीट सोय कर. वयोमानाने ऐकू कमी येतं ते आधी उंच पट्टीतलं. स, श, फ असे आवाज गळतात, शब्द कानावर पडतो पण कळत नाही. ओरडून उपयोग नाही, त्याने उच्चार अजून फाटतो. दहा जणांच्या कलकलाटात ती नुसती हसून मान डोलवत असेल तर तिला काहीच कळत नाहीये, असं समज. टीव्ही बंद. तिची पाठ भिंतीकडे, म्हणजे मागचा गोंगाट थांबतो. खिडकी तिच्या मागच्या बाजूला, म्हणजे उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पडतो आणि तिला ओठ दिसतात. एका वेळी दोन किंवा तीन माणसं, बस.

तिसऱ्या दिवसाच्या दुपारी तू सिनेमा लिहिला आहेस. तो काढ आणि तिथे जुन्या फोटोंची पेटी ठेव. प्रत्येक फोटोला क्रमांक दे. मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. पेन नको, शाई पुढच्या बाजूला उमटते. फोन फ्लाइट मोडवर टाकून घडी घातलेल्या रुमालावर, तिच्यापासून हातभर अंतरावर ठेव. टेबलाचे ठोके आणि पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये भयंकर येते, तेव्हा पंखाही बंद. सुरुवातीला तारीख आणि बसलेल्यांची नावं बोल. फोटो तिच्या हातात देताना क्रमांक मोठ्याने म्हण, नाहीतर नंतर कोणती गोष्ट कोणत्या फोटोची हे जुळणार नाही. ‘लहानपणाबद्दल सांग’ म्हटलंस तर ती म्हणेल, काय सांगायचं. ‘शाळेच्या वाटेवर काय काय लागायचं?’ असं विचार. ती थांबली की लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस, दहा सेकंद गप्प बस. पुष्कळदा खरं बोलणं त्या दहा सेकंदांनंतर येतं. वीस-पंचवीस मिनिटांत थांब, तिला थकवू नकोस. राहिलेलं दुसऱ्या दिवशी.

निघायच्या सकाळी घाई होतेच. आदल्या रात्री चादरी आणि उश्यांचे अभ्रे कोणी कुठे टाकायचे ते सांगून ठेव, आणि प्रत्येक प्लग पॉइंटपाशी एक फेरी मार, निदान दोन चार्जर सापडतील. आजीची औषधं सामानात नको, हातातल्या पिशवीत. वाटेत उशीर झाला तर म्हणून दोन दिवसांची जास्तीची. रेकॉर्डिंग तुझ्या एकट्याच्या फोनवर ठेवू नकोस: दादाच्या फोनवर आणि एका पेनड्राइव्हवरही टाक, आणि ती मंडळी दाराबाहेर पडायच्या आत दादाच्या फोनवर मिनिटभर वाजवून बघ.