बोर्डापुढे ती ठणठणीतच दिसेल, मग?

"मॅडम, घरी असते तशी ती तिथे दिसणारच नाही. नीट आवरून जाईल, डॉक्टरांना नमस्कार करेल, विचारतील त्याला 'हो, येतं मला' म्हणेल. मग आम्ही खोटे पडू."

मानसिक आजारासाठी दिव्यांग प्रमाणपत्र काढायचं ठरलं आणि सिव्हिल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे तपासणीची तारीख हातात आली, की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या घरांतून हे हमखास ऐकू येतं. कधी आई बोलते, कधी नवरा, कधी धाकटा भाऊ. काळजी तीच. आमचं दुखणं वरून दिसत नाही, ते दाखवायचं कसं? ज्याची तपासणी व्हायची तो माणूस मात्र बहुधा गप्प बसलेला असतो. त्याच्याशी एकट्याशी बोललं की दुसरीच काळजी बाहेर येते: "मला आंघोळीचीसुद्धा आठवण करून द्यावी लागते, हे मी परक्या माणसांपुढे सांगायचं?"

एकाच घरातल्या या दोन काळज्यांचा उगम एकच आहे, असं मला हल्ली खात्रीने वाटतं. तो ज्या घरात मला सगळ्यात स्पष्ट दिसला, त्याची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहिण्याआधी दोघांना विचारलं आहे.

ती तिशी ओलांडलेली, पूर्वी शाळेत गणित शिकवायची. स्किझोफ्रेनियाचं निदान होऊन बरीच वर्षं झाली होती. औषधं चालू होती, कानात येणारे आवाज पुष्कळ कमी झाले होते, पण सुटलेली नोकरी परत धरता आली नव्हती. आई नाही. वडील निवृत्त, शिस्तीचे, फाईल तारखेनुसार लावून आणणारे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व निघालं तर संजय गांधी निराधार योजनेसाठी अर्ज करता येईल, पुढेमागे नोकरीतल्या राखीव जागेचाही विचार करता येईल, हे त्यांनी वाचून ठेवलं होतं. तरीही पहिल्या भेटीत आवाज खाली आणून म्हणाले, "ओळखीतले एक जण सांगतात, आठ दिवस गोळ्या बंद करा, केस विंचरू नका, मग टक्के आपोआप मिळतात."

हा सल्ला सर्रास दिला जातो, म्हणून इथे स्पष्ट लिहिते. तपासणीसाठी गोळ्या कधीही बंद करू नका. आजार उलटला तर गेलेली घडी परत बसायला महिनोन्‌महिने लागतात, कधी दवाखान्यात भरती करावं लागतं. शिवाय खोटेपणाने लाभ घेणं किंवा घेऊ पाहणं हा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार गुन्हा आहे. त्याला २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि नाटकाची गरजही नाही, कारण बोर्ड जे मोजतं ते केस विंचरलेत का यावर ठरत नाही.

मानसिक आजारासाठी 'आयडियाज' नावाची मोजणी वापरतात. तीत चार बाबी पाहतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम. काम म्हणजे नोकरी, घरकाम किंवा शिक्षण, ज्याला जे लागू असेल ते. प्रत्येक बाबीला ० ते ४ गुण, अडचण जास्त तसे गुण जास्त. गेल्या २ वर्षांत किती महिने लक्षणं होती, त्याचे आणखी जास्तीत जास्त ४. एकूण २० पैकी ७ झाले की ४० टक्क्यांची रेषा गाठली जाते. ही माहिती रुग्णाकडून, सोबत राहणाऱ्या माणसाकडून आणि उपचाराच्या कागदांवरून घ्यायची असते. म्हणजे प्रश्न रोजच्या जगण्याचा आहे, त्या एका सकाळचा नाही.

हे ऐकून तिचे वडील निवांत झाले. त्यांना मी काका म्हणते. मला मात्र खरी अडचण पुढेच दिसत होती. मी तिला सहज विचारल्यासारखे तिथले प्रश्न विचारले.

"सकाळी उठतेस?"

"हो."

"आंघोळ?"

"करते की रोज."

"गोळ्या?"

"वेळेवर."

वडील कौतुकाने तिच्याकडे बघत होते. तिचं एकही उत्तर खोटं नव्हतं. मी काकांना विचारलं, "त्या वेळी तुम्ही कुठे असता?"

"मी? मी घरातच असतो ना."

त्यांना एक वही करायला सांगितली. साधा, नेहमीचा आठवडा घ्या आणि तिच्यासाठी दिवसभरात काय काय करता ते लिहा. पुढच्या वेळी वही आली. सुंदर अक्षरात, रोजच्या तारखेखाली एकच ओळ: काही विशेष नाही.

मी वही मिटून ठेवली आणि विचारलं, "काका, उद्या तुम्हाला गावाला जावं लागलं तर?"

ते लगेच बोलले नाहीत. मग सांगू लागले. आदल्या वर्षी भावाच्या आजारपणात ते काही दिवस गावी गेले होते. जाताना डबे भरून ठेवले, गोळ्या दिवसवार लावून ठेवल्या. परत आले तर डबे तसेच, गोळ्या तशाच, पडदे ओढलेले, आणि ती त्याच कपड्यांत भिंतीला टेकून बसलेली. समोरच्या इमारतीतून कोणीतरी लक्ष ठेवतंय असं तिला पुन्हा वाटू लागलं होतं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, तिच्या मानसोपचारतज्ज्ञांनाही नाही. "तिला कमीपणा वाटेल म्हणून," ते म्हणाले.

ती ऐकत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मला वाटायचं, मी माझी मीच उठते."

त्या दिवशी काका सांगत गेले आणि मी लिहीत गेले. सात वाजता खोलीतला दिवा लावायचा. दोनदा हाक. टॉवेल आणि धुतलेले कपडे मोरीच्या दारावर. पाणी काढून दिलं की तिसरी हाक. गोळ्या हातावर ठेवायच्या आणि गिळेपर्यंत तिथेच उभं राहायचं. बेल वाजली तर दार आपण उघडायचं, फोन आपण घ्यायचा. पान भरलं, मागची बाजूही भरली. 'काही विशेष नाही' या एका ओळीखाली इतकं सगळं दडलेलं होतं.

पान तिच्याकडे सरकवलं. तिने ते गणिताच्या बाईंसारखं शेवटपर्यंत वाचलं आणि शांतपणे म्हणाली, "म्हणजे बोर्डाने साठ टक्के दिले, तर मी चाळीस टक्केच माणूस उरले."

इतके दिवस ती 'हो, येतं' का म्हणत होती, ते या वाक्यात होतं. काका वही कोरी का ठेवत होते, तेही. तिला स्वतःतून टक्के वजा होऊ द्यायचे नव्हते आणि त्यांना लेकीतून.

अशा वेळी धीर देण्याचा मोह होतो. 'तू पूर्ण माणूस आहेस' असं म्हणता येतं, आणि ते ऐकणाऱ्याला तेवढ्यापुरतं बरंही वाटतं. मी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या, म्हणजे त्रास देणारा विचार तपासून पाहण्याच्या, वाटेने जाणारी. माझा अनुभव असा, की दिलेला धीर दारापर्यंत टिकतो आणि स्वतः तपासून पाहिलेला विचार बोर्डाच्या टेबलापर्यंत सोबत येतो. म्हणून मी तिला तिच्याच कामाबद्दल विचारलं.

"तुझ्या वर्गात पस्तीसला पास. बत्तीस मिळालेलं एखादं पोर आठवतंय?"

ती जरा हसली. "आहे एक. भूमिती अगदी कच्ची."

"भूमिती कच्ची. आणि तो?"

"तो काय... तो चांगला होता. कोणी आजारी असलं की त्याचं दप्तर उचलून घरी नेऊन द्यायचा."

"त्याचे किती मार्क दिलेस?"

"त्याचे कुठे मार्क असतात? मी पेपर तपासायचे. पोरगा थोडीच..."

वाक्य तिथेच थांबलं. मी काही बोलले नाही. काकांनी बोलायला तोंड उघडलं, त्यांना हातानेच थांबवलं. या क्षणी समुपदेशकाने गप्प राहायचं असतं, ते मला आता जमतं.

"म्हणजे ते माझा पेपर तपासणार," ती म्हणाली.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून ज्या विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी केली, त्याच्या गाभ्याशी हेच आहे. माणसाच्या कृतीचं, कौशल्याचं, वागण्याचं मोजमाप होऊ शकतं. अख्ख्या माणसाचं होऊ शकत नाही, कारण असा एकच आकडा कशावरून काढायचा? दिव्यांगत्वाच्या तपासणीत हा फरक मला जितका कामाचा वाटतो तितका क्वचितच कुठे वाटला असेल. टक्का आपल्या किमतीचा आहे असं वाटत असलं, की माणूस उत्तरं घासूनपुसून देतो आणि सरकारी कागदावर त्याची अडचण शून्य होते. टक्का अडचणीचा आहे हे आतून पटलं, की खरं सांगायला लाज आड येत नाही.

मग पेन तिने घेतलं आणि आंघोळीचं उत्तर स्वतः लिहिलं: "मी आंघोळ करते, पण बाबांनी हाका मारल्या आणि कपडे काढून ठेवले तर. ते नसले तर तीन-चार दिवस होत नाही."

हे वाक्य मी आता प्रत्येक घराला शिकवते. 'हो' म्हणा, आणि तिथे थांबू नका. कोणाच्या मदतीने, किती वेळा सांगितल्यावर, आणि मदत नसेल तर काय होतं, हे त्याच दमात सांगा. वाढवून सांगू नका. चांगला दिवस असतो तर तोही सांगा, आठवड्यात असे किती येतात तेवढं जोडा. कामाबद्दल विचारलं तर 'नोकरी सोडली' एवढ्यावर भागवू नका. का सुटली, पुन्हा धरली का, किती दिवस टिकली, ते सांगा.

सोबत जाणारा माणूस रोज त्या घरात राहणाराच हवा. खूप शिकलेला पण वर्षातून दोनदा भेटणारा नातेवाईक तिथे उपयोगाचा नाही. त्याने काय बोलायचं, ते रुग्णासमोर घरीच ठरू द्या; बोर्डापुढे पहिल्यांदा ऐकलं तर फार लागतं. कागदांमध्ये आधार कार्ड, फोटो, स्वावलंबन पोर्टलवर (दिव्यांग प्रमाणपत्राच्या सरकारी संकेतस्थळावर) केलेल्या अर्जाची पावती, जुने केस पेपर, डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांच्या चिठ्ठ्या तारखेनुसार. गेल्या २ वर्षांचे कागद वरती, कारण त्या काळाचे वेगळे गुण आहेत. आठवड्याच्या नोंदीचं एक पान करा. घाबरून शब्द सुचले नाहीत तर तेच डॉक्टरांच्या हातात द्यायचं. रांग लांब असते, गर्दी असते. पाणी, डबा आणि दुपारची गोळी जवळ ठेवा.

ती नीट आवरून गेली, नमस्कारही केला. आंघोळीचं उत्तर तिने सांगितलं, गावच्या दिवसांचं काकांनी. प्रमाणपत्र मध्यम गटातलं मिळालं, ठरावीक मुदतीचं. सगळ्यांचं असंच होईल असं नाही. निकाल पटला नाही तर ९० दिवसांत अपील करता येतं. तेव्हा 'अन्याय झाला' एवढंच लिहू नका. चार बाबींपैकी कोणती अडचण नोंदली गेली नाही, ते लिहा.

मानसिक आजाराचं प्रमाणपत्र बऱ्याचदा मुदतीचंच असतं आणि फेरतपासणी ठरलेली असते. मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी नवा आठवडा लिहायला घ्या. जुनं पान तसंच नेऊ नका. मधल्या काळात माणूस बदललेला असतो, काही हाका कमी झालेल्या असतात, आणि तेही बोर्डाला तितक्याच खरेपणाने सांगायचं असतं.