फुटबॉल आणि बास्केटबॉल दोन्ही खेळणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाने एक खेळ सोडावा का?

आपला मुलगा नेरूळला सकाळी फुटबॉल आणि संध्याकाळी बास्केटबॉल खेळतो, आणि दोन्हीकडचे प्रशिक्षक आता एकच खेळ निवडण्याचा आग्रह धरत आहेत, असे आपण लिहिले आहे. मी वाशीत शाळा-महाविद्यालयाच्या वयात हे दोन्ही खेळ खेळलो आहे, आणि माझ्या मते ही निवड आत्ताच करण्याची गरज नाही.

चार्ली वॉर्डचे उदाहरण पाहा. तो फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाकडून अमेरिकन फुटबॉल खेळत असे (लंबगोल चेंडूचा, आपला पायाने खेळायचा नव्हे) आणि १९९३ साली त्याला महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च मानला जाणारा हाइझमन करंडक मिळाला. फुटबॉलचा हंगाम संपला की तोच वॉर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन डाव रचणारा खेळाडू) म्हणून उतरत असे. दोन्हीकडे त्याचे काम जवळजवळ एकच होते: समोरच्यांची हालचाल क्षणात ओळखायची आणि योग्य साथीदाराकडे चेंडू पोहोचवायचा. १९९४ मध्ये एकाही व्यावसायिक फुटबॉल संघाने त्याला निवडले नाही. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील न्यूयॉर्क निक्स संघाने मात्र नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्याला २६व्या क्रमांकावर घेतले, आणि पुढे १९९९ साली तो त्यांच्यासोबत एनबीएच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. त्याचा कायमचा खेळ ठरला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

आपल्या फुटबॉलशी जवळचे उदाहरण एनबीए गाजवलेल्या हकीम ओलाजुवानचे. नायजेरियातील लागोसमध्ये तो गोलरक्षक होता आणि बास्केटबॉलकडे पंधराव्या वर्षाच्या आसपास वळला. त्याच्या ज्या पदलालित्याची एवढी वाहवा झाली, त्याची पायाभरणी फुटबॉलमध्येच झाली होती. १९९४ च्या अंतिम फेरीत त्याच्या ह्यूस्टन संघाने हरवले ते नेमके निक्सलाच.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. वॉर्डचे दोन हंगाम बव्हंशी एकापाठोपाठ येत. आपल्याकडे मात्र पावसाळा ओसरला की शालेय स्पर्धांची एकच झुंबड उडते. मी एकदा सकाळी ठाण्यात फुटबॉलचा सामना खेळून दुपारी वाशीत बास्केटबॉलला उतरलो आणि मध्यंतरापूर्वीच पोटऱ्यांत गोळे येऊन बाहेर बसलो, तेव्हा चूक माझीच होती. म्हणून दोन्ही प्रशिक्षकांसमोर एकच कागद ठेवून सामन्यांच्या आठवड्यांत कोणता सराव गाळायचा हे आधीच ठरवून घ्या, आणि आठवड्यातला एक दिवस पूर्ण विश्रांतीचा राखा. या वाढत्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागले, तर मात्र सामना कितीही महत्त्वाचा असला तरी आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.