निरनिराळ्या देशांतल्या बिअर चाखून त्यांना गुण कसे द्यायचे? मला तर सगळ्या सारख्याच कडू लागतात.

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय की ऑफिसच्या कामासाठी दोन महिने जर्मनीला चालला आहात, आणि तिकडचे सहकारी बिअरवर अर्धा अर्धा तास बोलतात तेव्हा तुम्ही नुसती मान डोलावता. वाचून माझे एर्लांगनमधले सुरुवातीचे दिवस आठवले. पुण्याहून तिथं गेलो तेव्हा माझ्या लेखी बिअरच्या दोनच जाती होत्या, माइल्ड आणि स्ट्राँग. तिसरी म्हणजे पुरेशी गार नसलेली, ती वेटरला परत न्यायला सांगायची.

एर्लांगनहून बांबेर्गला रेल्वेनं पाऊण तासही लागत नाही. तिथं श्लेंकेर्ला नावाची एक जुनी बिअरशाळा आहे. पहिल्याच महिन्यात ऑफिसातला एक जण मला तिथं घेऊन गेला. लाकडी पिंपातून काढलेली, जवळजवळ काळी बिअर समोर आली. ग्लास नाकाशी नेला तर सुके बोंबील भाजल्याचा वास! आमच्या घरी आईनं आधी खिडकी उघडली असती. मी वहीत लिहिलं, "जळकट. १० पैकी ३." शेजारच्यानं डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "तिसऱ्या ग्लासापर्यंत थांब." नंतर कळलं की ही त्या गावातली ठरलेली थट्टा आहे, प्रत्येक नवख्याला ऐकवतात.

त्या बिअरचं नाव राउखबिअर, म्हणजे धुराची बिअर. जव भिजवून मोड आणायचे आणि मग ते वाळवायचे, म्हणजे माल्ट होतं. पूर्वी हे वाळवणं लाकडाच्या जाळावर व्हायचं, त्यामुळे बऱ्याच ठिकाणच्या बिअरला थोडाफार धूर लागलेला असायचा. पुढे धूर धान्याला लागणार नाही अशा भट्ट्या आल्या आणि जगानं तो वास सोडून दिला. बांबेर्गमधल्या दोन ब्रुअरींनी, श्लेंकेर्ला आणि श्पेत्सियाल यांनी, मात्र बीचच्या लाकडावर माल्ट वाळवणं चालूच ठेवलं. म्हणजे मी ज्याला खोट म्हणत होतो, तीच चव टिकावी म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या खपत होते. भरितातल्या वांग्याला जाळाचा वास येतो म्हणून ताट परत पाठवावं, तसला तो माझा ३ गुणांचा निकाल.

तेव्हा गुण देण्याआधी एवढंच विचारा, ही बिअर काय व्हायला निघाली होती? ताक आंबट हवंच, पण चहाच्या दुधाला तीच आंबट चव आली तर ते मोरीत जातं. बिअरचंही असंच आहे. म्युनिककडच्या गव्हाच्या बिअरला, वाइसबिअरला, केळ्याचा आणि लवंगेचा वास यायला हवा. त्यात केळंही नसतं आणि लवंगही, हे दोन्ही वास तिथलं खास यीस्ट तयार करतं. तीच लवंग पिल्सनरमध्ये (फिकट सोनेरी, कडसर बिअर) आली तर समजायचं की ब्रुअरीत कुठंतरी नको ते यीस्ट शिरलंय. लोण्याचा पुसट वास चेक लागरमध्ये (थंडीत सावकाश आंबवलेली बिअर, पिल्सनर तिचाच एक प्रकार) चालवून घेतात, जर्मन पिल्सनरमध्ये तो दोष धरतात. वास एकच, पण एकीकडे गुण आणि दुसरीकडे अवगुण.

परीक्षकांसाठी याचा एक ठरलेला तक्ता आहे. बीजेसीपी ही अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेली, बिअर-परीक्षक तयार करणारी संस्था. त्यांच्या कागदावर एकूण ५० गुण असतात. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते (पातळ, दाट, चुरचुरीत) त्याला ५ आणि एकूण मताला १०. रूपाला फक्त ३, हे लक्षात ठेवा. आपण फोटो काढण्यात जेवढा वेळ घालवतो त्या मानानं हे फारच कमी आहे. ४५ किंवा त्याच्या वर म्हणजे अप्रतिम, १३ किंवा त्याच्या खाली म्हणजे ब्रुअरनं पुन्हा पहिल्यापासून शिकावं. आणि हे सगळे गुण त्या त्या प्रकाराच्या लेखी वर्णनाशी ताडून द्यायचे असतात, परीक्षकाच्या आवडीनिवडीशी नाही.

मी यात माझी एक भर घातली. वहीत दोन आकडे लिहितो. एक ५० पैकी, म्हणजे ती आपल्या जातीला कितपत जागली. दुसरा ५ पैकी, म्हणजे मी स्वतःच्या पैशानं पुन्हा मागवीन का. राउखबिअरचे आज माझ्याकडे ४३ आणि ४ आहेत. एका नावाजलेल्या काळ्याकुट्ट स्टाउटचे (भाजलेल्या धान्याची दाट बिअर) ४४ आणि १, कारण उत्तम असली तरी दोन घोटांनंतर मला काकवी प्यायल्यासारखं होतं. हे दोन आकडे वेगळे ठेवले की भांडणंही कमी होतात.

"सगळ्या कडूच लागतात" यामागचं एक कारण मला वाटतं शब्दांचं आहे. बिअरबद्दलचे शब्द आपण इंग्रजी पुस्तकातून उचलतो आणि मग ज्या वस्तू आपण आयुष्यात हुंगलेल्याच नाहीत त्यांचे वास ग्लासात शोधत बसतो. मी ते सोडून दिलं. बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं म्हणजे हॉप्स. अमेरिकन हॉप्सना ग्रेपफ्रूटचा वास येतो म्हणतात. मी लिहितो पपनस, सालीसकट. स्टाउटला भाजलेल्या बुंदाच्या कॉफीचा वास आणि चपातीचा करपलेला पापुद्रा. शिळ्या बिअरला पावसात भिजलेला पुठ्ठा. काही लागरमध्ये कुकरमधून नुकतं काढलेलं मक्याचं कणीस. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची बाटली उन्हात राहिली की हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर प्रकाशाची क्रिया होऊन एक गंधकयुक्त, घाण वासाचं संयुग तयार होतं. इंग्रजीत त्याला स्कंक नावाच्या प्राण्याची उपमा देतात. स्कंक मी कधी पाहिलेला नाही, पण हिंगाच्या डबीचं झाकण रोज उघडतो. तपकिरी काच त्यातला बराचसा प्रकाश अडवते, म्हणून दुकानाच्या काचेजवळ ठेवलेली हिरवी बाटली मी घेत नाही.

आणि धने! बेल्जियमच्या विटबिअरमध्ये, म्हणजे तिथल्या गव्हाच्या बिअरमध्ये, खरोखरच धने आणि संत्र्याची साल घालतात. हा प्रकार १९५० च्या दशकात बंदच पडला होता. हूगार्डेन गावच्या पिएर सेलिस या दूधवाल्यानं १९६६ च्या सुमारास तो पुन्हा सुरू केला. जर्मन सहकाऱ्यापुढे याचं फार कौतुक करू नका. बव्हेरियाचा (म्युनिक ज्यात येतं तो जर्मन प्रांत) १५१६ चा बिअरच्या शुद्धतेचा कायदा तुम्हाला ऐकावा लागेल: जव, हॉप्स, पाणी, बस. (यीस्टचा त्यात उल्लेख नाही, हे मी एकदा बोलून दाखवलं. दुपारच्या जेवणाला शांतता पसरली.)

बेल्जियमचा विषय निघालाच आहे तर ब्रसेल्सजवळच्या लँबिक नावाच्या बिअरबद्दल सांगतो, कारण तिथं माझी खरी परीक्षा झाली. बाकी बहुतेक ठिकाणी ब्रुअर यीस्ट निवडून, जपून, मोजून घालतो. लँबिकमध्ये तो काहीच घालत नाही. माल्टचा उकळलेला रस माळ्यावरच्या उथळ, पसरट हौदात ओततात, खिडक्या उघड्या ठेवतात आणि रात्रभर निवू देतात. हवेतून, लाकडातून जे काही येईल ते येऊ द्यायचं. हे फक्त थंडीच्या महिन्यांत चालतं, उन्हाळ्यात नको ते जिवाणू बोकाळतात. मग रस लाकडी पिंपांत भरून वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं ठेवतात. एक, दोन आणि तीन वर्षांचं लँबिक मिसळून बाटलीत पुन्हा आंबवलं की झाली ग्यूझ. ऐकायला विचित्र वाटतं, पण इडलीच्या पिठात आपण तरी कुठे यीस्ट घालतो?

ब्रसेल्सच्या आंदरलेख्त भागातली कांतिओं ही १९०० साली सुरू झालेली ब्रुअरी पाहुण्यांना आत फिरू देते. जळमटं झाडलेली नाहीत, कारण कोळी माश्या खातात. शेवटी हातात ग्लास देतात. पहिला घोट घेतला आणि कानशिलं आकसली, लिंबू चाखणाऱ्या तान्ह्या बाळासारखा चेहरा झाला असणार. बिअरचे जाणकार या वासाला घोड्याच्या पाठीवरच्या घोंगडीची उपमा देतात. मला आजोळचा गोठा आठवला, पावसाळ्यातला, ओल्या गोणपाटासकट. मात्र या वेळी वहीत लगेच आकडा टाकला नाही. ग्लास अर्धा तास पुरवला. गोठ्याच्या मागून हळूहळू चिंच आली, मग हिरव्या सफरचंदाची साल, आणि शेवटी जिभेवर नुसता कोरडेपणा, गोडाचा लवलेश नाही. कडूपणाही जवळपास नव्हता, कारण लँबिकला मुद्दाम जुने, कडवटपणा ओसरलेले हॉप्स वापरतात, टिकवण्यापुरते. सगळ्या बिअर कडू असतात, हा समज माझ्यापुरता तिथंच संपला.

पिल्सनर याच्या अगदी उलट. तुम्ही भारतात प्यायलेल्या बहुतेक लागर तिच्याच दूरच्या नातलग आहेत, म्हणून मूळ चव एकदा घ्याच. बोहेमियातल्या (आजच्या चेक देशातल्या) पिल्सेन गावात १८३८ साली लोकांनी वैतागून ३६ पिंपं खराब बिअर नगरभवनासमोर ओतून दिली. मग गावानं नवी ब्रुअरी बांधली, बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा ब्रुअर आणला, आणि १८४२ मध्ये त्यानं तिथल्या अगदी हलक्या पाण्यातून, फिकट माल्टमधून आणि जवळच्या झाट्स भागातल्या हॉप्समधून सोनेरी लागर काढली. मी ती तळघरात, थेट ओकच्या पिंपातून, न गाळलेली प्यायलो. कडू होतीच, पण कोवळ्या मेथीसारखी, आणि मागून पावाच्या खरपूस कडेची गोडी. ४५ आणि ५. अशी बिअर नेटवरच्या याद्यांमध्ये मात्र कधीच वर नसते. तिथं पहिले नंबर दाट स्टाउट आणि दुप्पट हॉप्सच्या आयपीए (इंडिया पेल एल) यांचे. लोक एका बैठकीत आठ-दहा प्रकार घोट-घोट चाखतात आणि जो मोठ्यानं ओरडतो त्याला जास्त तारे मिळतात. अर्धा लिटर संपवूनही आणखी हवीशी वाटणं, हा गुण घोटभर चाखण्यात दिसणार कसा?

आयपीएबद्दल एकच सांगतो. हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैनिकांसाठी ती मुद्दाम शोधून काढली, ही गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगेलच. पूर्व लंडनच्या बो भागातल्या हॉजसन नावाच्या ब्रुअरची फिकट एल बिअर जहाजानं मुंबई-कोलकात्याला यायची, हे खरं. पण ती मुख्यतः साहेब लोक प्यायचे, साध्या शिपायांच्या वाट्याला बरीचशी काळी पोर्टरच यायची. त्या शिपायांनी इंग्रजीला एक शब्दही दिला. परतीच्या जहाजाची वाट पाहत आपल्या नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत कुजत पडलं की डोकं फिरायचं, म्हणून वेडगळ माणूस 'डूलाली'. पुण्यात २००९ साली सुरू झालेल्या मायक्रोब्रुअरीनं (जागेवरच बिअर बनवून देणारी छोटी ब्रुअरी) तेच नाव घेतलं.

जाण्याआधी पुण्या-मुंबईत कुठल्याही मायक्रोब्रुअरीत छोट्या ग्लासांचा ट्रे मागवून सराव करता येईल (वय २१ पूर्ण हवं, हे महाराष्ट्रापुरतं सांगून ठेवतो). हलक्या बिअरपासून सुरुवात करा. कडू, धुरकट आणि आंबट शेवटी. चकणा बाजूला ठेवा, मसाला शेंगदाण्यांनंतर जिभेला काही कळत नाही. साधा पाव आणि पाणी पुरे. घरी स्टीलचा पेला नको, वर निमुळता होणारा काचेचा ग्लास घ्या, वास आत कोंडून राहतो. बर्फासारखी गार पिऊ नका. थंडीनं जीभ बधिर होते आणि वासही वर येत नाहीत, म्हणून बाटली फ्रीजमधून काढून दहा मिनिटं थांबा. स्ट्राँग, मुरलेल्या बिअरला तर पंधरा-वीस. आधी हुंगा, मग प्या, आणि गिळा. वाइनसारखं थुंकायचं नाही, कडवटपणाचा अंदाज गिळल्यावरच नीट येतो.

एक गंमत जरूर करा. तीन ग्लास भरा, दोनात एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळी कुठली ते डोळे मिटून ओळखा. आमच्या गच्चीवर एक मित्र बारा वर्षं एकाच ब्रँडची शपथ घेत होता. त्यानं तीच शेवटच्या नंबरला टाकली. मीही पहिल्या तीन वेळा चुकलो, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

कोलोनला गेलात तर एक सांभाळा. तिथली कोल्श ही बिअर २०० मिलिलिटरच्या बारक्या ग्लासात मिळते आणि ग्लास रिकामा झाला की वेटर न विचारता दुसरा आणून ठेवतो, पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीची रेघ ओढतो आणि निघून जातो. नको असेल तर ती चकती ग्लासावर झाकण ठेवतात तशी ठेवायची. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या चकतीवर अकरा रेघा झाल्या होत्या, आणि त्या दिवसाच्या वहीतलं अक्षर मला अजून लागलेलं नाही.