स्कूटरची सवय असलेल्याने छोट्या मॅन्युअल गाडीचा क्लच आणि ॲक्सिलरेटर यांचा मेळ कसा बसवावा?

तुम्ही लिहिले आहे की आजवर बिनगिअरची स्कूटर चालवली, ड्रायव्हिंग स्कूलचा वर्ग पूर्ण केला, परवानाही हाती आला, आणि आता घरी जुनी आल्टो ८०० आणल्यावर मात्र ती सिग्नलला आचका देऊन बंद पडते किंवा गचके खात निघते. बंद पडू नये म्हणून रेस वाढवली तर इंजिन नुसते ओरडते. स्कूलच्या गाडीत असे कधी होत नव्हते, तेव्हा दोष गाडीचा आहे की तुमच्या पायाचा, हा तुमचा प्रश्न आहे. गाडी एकदा तपासून घ्यावी, त्याविषयी शेवटी लिहितो. पण माझ्या मते खरी अडचण शिकण्याच्या क्रमात आहे. डाव्या पायाला क्लचची ओळख पटण्याआधीच उजव्या पायाला रेस द्यायला लावले जाते, आणि मग दोन्ही पाय एकमेकांच्या चुका झाकू लागतात.

स्कूलच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. गर्दीच्या रस्त्यावर शिकवताना तो गाडी बंद पडू देत नाही, वेळ आली की स्वतःचा क्लच हलकेच दाबून धरतो, आणि शिकणाऱ्याला वाटते की गाडी आपणच उचलली. शिक्षकाची यात चूक नाही, मागे बस हॉर्न वाजवत उभी असताना दुसरे काय करणार. पण त्यामुळे डाव्या पायाचे निम्मे शिक्षण राहून जाते. स्कूटरची सवयही इथे आडवी येते. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये इंजिनाचा वेग वाढला की क्लच आपोआप पकडतो, म्हणजे मूठ पिळली की गाडी निघते, एवढेच हाताला ठाऊक असते. गाडीत क्रम उलटा आहे. आधी क्लच पकडू द्यायचा, मग रेस.

पेडलखाली काय घडते ते समजून घेतले तर पायाला पुष्कळ मदत होते. इंजिनाला जोडलेले फ्लायव्हील सतत फिरत असते. क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या बाजूला असते आणि प्रेशर प्लेट तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. तुम्ही पेडल दाबता तेव्हा हा दाब निघतो आणि प्लेट सुटी होते. पेडल वर येऊ लागले की ती घासत घासत पकडू लागते. इंजिन रिकामे चालू असताना मिनिटाला साधारण ८०० ते ९०० फेऱ्या घेते, चाके मात्र स्थिर असतात. हा फरक भरून निघेपर्यंत प्लेट घासली जाणारच, त्याला इलाज नाही. प्रश्न फक्त ती किती वेळ आणि किती जोराने घासावी एवढाच आहे. आल्टोसारख्या गाडीत रेस न देता पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडलेला असेल, तर गाडी ताशी सुमारे ५ ते ६ किलोमीटर वेगाने सरकते, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. तो वेग आला की इंजिन आणि चाके यांचा हिशेब जुळला. त्यानंतर क्लच सोडला तर गचका बसत नाही.

म्हणूनच नवशिक्याची गाडी नेमकी कुठे बंद पडते हे पाहण्यासारखे असते. ती क्लच पकडू लागतो तेव्हा फारशी बंद पडत नाही. ती पडते गाडी हलल्यावर. गाडी जराशी पुढे सरकली की काम झाले असे मनाला वाटते आणि पाय उरलेला क्लच एकदम सोडून देतो. चाके अजून निम्म्या वेगालाही पोहोचलेली नसतात, फ्लायव्हीलवर सगळा भार एका क्षणात येतो आणि इंजिन गुदमरते. तेव्हा सर्वांत महत्त्वाची सवय ही, की गाडी हलू लागली की डावा पाय आहे तिथेच थांबवायचा, एक-दोन सेकंद तसाच धरायचा आणि मग उरलेला सोडायचा. तुमच्या वर्णनावरून मला वाटते की तुमची निम्मी अडचण एवढ्यानेच सुटेल.

छोट्या गाडीत हे जास्त जाणवते, त्यालाही कारण आहे. आल्टो ८०० चे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन जास्तीत जास्त ६९ न्यूटन-मीटर टॉर्क देते, आणि तोही मिनिटाला ३,५०० फेऱ्यांना. रिकाम्या फेऱ्यांवर त्याच्याकडे त्याहून बराच कमी जोर असतो. जुन्या डिझेल स्विफ्टमध्ये १९० न्यूटन-मीटर मिळत होते, तेही २,००० फेऱ्यांना, त्यामुळे क्लच थोडा घाईने सुटला तरी ती गाडी सांभाळून घेत असे. तुमच्या गाडीत चार माणसे बसली आणि एसी चालू असला की तेवढी मुभा राहत नाही. एसीचा कॉम्प्रेसर मध्येच सुरू झाला की तो त्याच छोट्या इंजिनाकडून जोर घेतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत संगणक लगेच थोडे इंधन वाढवतो, तरीही सुरुवातीचे काही दिवस सराव करताना एसी बंद ठेवावा, म्हणजे क्लच रोज एकसारखा वागेल आणि पायाला एकच धडा गिरवता येईल.

आता प्रत्यक्ष सराव. सपाट, मोकळी जागा शोधा. रविवारी सकाळचे एखादे मैदान किंवा औद्योगिक वसाहतीतला रिकामा रस्ता उत्तम. आधी आसन नीट करा. क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल तर तुम्ही फार मागे बसला आहात, आणि ताठ पायाला बारीक हालचाल जमत नाही. चप्पल किंवा जाड तळव्याचे बूट नकोत, पातळ तळव्याचे बूट घाला. पायाखालचे मॅट गोळा होऊन पेडलखाली जात नाही ना, तेही पाहा.

मग हँडब्रेक काढा, उजवा पाय ब्रेकवर ठेवा, पहिला गिअर टाका, ब्रेक सोडून उजवा पाय जमिनीवर टेकवा आणि फक्त क्लच हळूहळू वर येऊ द्या. ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावायचाच नाही. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जरा खाली उतरेल, स्टीअरिंगवर बारीक थरथर येईल आणि बॉनेट किंचित वर उचलल्यासारखे होईल. हाच हाफ क्लच. तिथे थांबा. गाडी आपली आपण सरकू लागेल. तिला माणसाच्या चालीचा वेग येऊ द्या, मग पेडल पूर्ण सोडा, चार-पाच मीटर जा, क्लच आणि ब्रेक दाबून थांबा आणि पुन्हा तेच करा. रिव्हर्सलाही असेच, रेस न देता. गाडी बंद पडली तर पडू द्या. रिकाम्या मैदानात त्याने काही बिघडत नाही, उलट क्लच नेमका कुठे पकडतो हे त्यातूनच कळते. मधूनमधून न्यूट्रल करून क्लच पूर्ण सोडा आणि त्याला थोडी विश्रांती द्या.

ओळखीच्या अनेकांना गाडीचा हात बसवताना मी शेजारी बसलो आहे आणि एक गोष्ट जवळपास प्रत्येकाच्या बाबतीत पाहिली आहे. माझ्या वहिनी शिकत होत्या तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याऐवजी डाव्या पायाकडे पाहत बसलो. क्लच दाबताना त्या पूर्ण पाय उचलून दाबत, ते योग्यच होते, कारण आल्टोच्या पेडलची चाल लांब आहे. पण सोडतानाही टाच अधांतरीच राहत असे. सबंध पायाचे वजन मांडीने तोलून धरायचे आणि त्याच वेळी पेडल एक-एक सेंटीमीटरने वर आणायचे, हे कोणालाच जमणार नाही. त्यांना मी सांगितले की हाफ क्लच जवळ आला की टाच जमिनीला टेकवा आणि तिथून पुढचे काम फक्त घोट्याने करा. टाच टेकली आणि पाय थरथरायचा थांबला. त्या दिवशीच्या उरलेल्या सरावात गाडी गचके न खाता निघत होती. तबला शिकताना मनगट मोकळे होईपर्यंत बोल उमटत नाही, तसेच काहीसे घोट्याचे आहे.

रेसशिवाय गाडी दरवेळी सुरळीत निघू लागली की मगच उजवा पाय कामाला घ्या. क्लच पकडू लागला, आवाज उतरला, की तो आवाज पूर्ववत होईल आणि त्याहून जरासाच वर जाईल एवढी रेस द्या आणि तेवढीच स्थिर धरा. अनेक छोट्या गाड्यांत फेऱ्या दाखवणारा मीटर नसतो, त्यामुळे कान हाच तुमचा मीटर. काच थोडी खाली घेऊन आणि गाणी बंद ठेवून सराव करावा. मीटर असेलच तर सपाट रस्त्यावर १,२०० ते १,५०० फेऱ्या पुरेशा होतात. रेस कमी-जास्त करत राहिलात तर गाडी मागेपुढे डुलत गचके खाते, आणि मग पाय घाबरून आणखी डळमळतो. डावा पाय हलत असताना उजवा स्थिर, हे सूत्र सुरुवातीला कसोशीने पाळावे.

गिअर बदलताना मात्र हाच क्लच इतका वेळ धरायची गरज नाही. पहिल्यातून दुसऱ्यात ताशी १५ ते २० किलोमीटरच्या आसपास जाताना आधी रेस सोडा, लगेच क्लच दाबा, गिअर टाका, आणि क्लच हाफपर्यंत पटकन आणून तिथून जरा सावकाश सोडा. वरच्या गिअरमध्ये फारसा प्रश्न येत नाही. खालच्या गिअरवर येताना इंजिनाच्या फेऱ्या वाढाव्या लागतात, म्हणून क्लच अंमळ हळू सोडावा, नाहीतर गाडी ब्रेक मारल्यासारखी अडते.

चढाची भीती सर्वांनाच वाटते, आणि पुण्या-मुंबईच्या इमारतींत तळघरातल्या पार्किंगचा उतार हीच पहिली परीक्षा ठरते. इथे हँडब्रेकचा आधार मोकळेपणाने घ्या. हँडब्रेक ओढलेला असू द्या, पहिला गिअर टाका, सपाटीपेक्षा थोडी जास्त रेस द्या आणि क्लच हाफपर्यंत आणा. बॉनेट उचलले गेले आणि आवाज जड झाला म्हणजे गाडी हँडब्रेकशी झोंबते आहे. आता हँडब्रेक सोडला तरी ती मागे येणार नाही. काही जण चढावर गाडी हाफ क्लच आणि रेस यांच्यावर तोलून उभी धरतात आणि त्याला कौशल्य समजतात. मला ते मुळीच मान्य नाही. तेवढा वेळ प्लेट सलग घासत आणि तापत असते, आणि थोड्याच वेळात जळका, उग्र वास गाडीत शिरतो. तो वास आला तर गाडी बाजूला घेऊन थंड होऊ द्यावी.

सिग्नललाही हाच विचार. उभे राहायचे असेल तर न्यूट्रल करून डावा पाय क्लचवरून काढा. मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या रांगेत प्रत्येक वीतभर जागेसाठी गाडी हलवू नका. पुढे गाडीभर अंतर पडू द्या आणि मग रेस न देता पहिल्या गिअरमध्ये सरका. चालत्या गाडीत डावा पाय क्लचवर विसावलेला नको. आल्टोत पाय ठेवायला वेगळी जागा अपुरी आहे हे खरे, तरी तो पेडलच्या डावीकडे किंवा मागे जमिनीवर ओढून ठेवावा, कारण नुसत्या पायाच्या वजनानेही क्लच सुटा करणारे रिलीज बेअरिंग आणि प्लेट झिजत राहतात. थांबताना आधी ब्रेक, क्लच अगदी शेवटी, इंजिन धडधडू लागण्याच्या बेताला. स्कूटरवरून आलेले लोक घाबरून दोन्ही एकदम दाबतात, आणि खंबाटकीसारख्या घाटाच्या उतारावर क्लच दाबून गाडी सोडणे तर धोक्याचेच आहे, कारण मग इंजिनाची अडवण जाते आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो.

आता गाडीविषयी. जुनी गाडी आहे, त्यामुळे आधीच्या मालकाच्या पायाची झीज तुम्हाला मिळालेली असू शकते. पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावरच क्लच पकडत असेल, किंवा चौथ्या गिअरमध्ये जोरात रेस दिल्यावर आवाज चढतो पण गाडीचा वेग वाढत नसेल, तर प्लेट झिजली आहे किंवा क्लच वायर फार ताणलेली आहे. उलट, पेडल तळाशी असतानाच गाडी ओढू लागत असेल आणि रिव्हर्स टाकताना करकर होत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही. वायर जुळवून घेणे हे गॅरेजमधले अगदी थोड्या वेळाचे काम आहे, ते आधी करून घ्यावे. पाय कितीही सावकाश सोडला तरी निघताना गाडी थडथडत असेल, तर प्लेटवर तेल आले आहे का किंवा इंजिनाच्या माउंटिंगची रबरे गेली आहेत का, हे मेकॅनिकला बघायला सांगा. गाडी चालवण्यात मुरलेल्या एखाद्या माणसाला ती मैदानात एकदा चालवून पाहू द्या. त्याच्याही हातून ती गचके खात असेल, तर सराव सुरू करण्याआधी दुरुस्ती करून घ्या.